माळ्यावरच्या सीडी आणि दिवाणखान्यातला संगणक

प्रश्न : आम्ही चिपळूणला राहतो. घरात मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या नव्वदेक व्हीसीडी, साठेक डीव्हीडी, लग्नामुंजींच्या दहा व्हीएचएस कॅसेट आणि मोबाइलवर घेतलेले पुष्कळ व्हिडिओ आहेत. जुलै २०२१ च्या पुरात खालच्या कपाटातला संग्रह गाळात गेला, माळ्यावरचा तेवढा वाचला. आता डीव्हीडी प्लेअरही बंद पडला आहे. घरात ५५ इंची ४के टीव्ही आहे. शिवाय २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीच्या कोअर आय५ प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे. त्याच्यावर सीडी उत्तम चालतात, पण पुतण्याच्या मुंजीचा ४के व्हिडिओ अडखळतो. टीव्हीला जोडण्यासाठी होम थिएटर संगणकाची चौकशी केली, तर दुकानदाराने ८२ हजारांचे कोटेशन दिले : कोअर आय५-१२४००एफ, ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (म्हणजे वीज पुरवणारा डबा), काचेचे कॅबिनेट आणि ८ टीबीची हार्ड डिस्क. माझी तयारी ४० हजारांपर्यंतची आहे. मुलगा म्हणतो, टीव्हीला स्टिक लावा, संगणक कशाला? भाचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक सुचवतो. आई-बाबा दोघेही पंचाहत्तरीच्या घरात आहेत. त्यांना कुणाला हाक न मारता नाटक लावता आले पाहिजे. काय करावे? दिवाळीच्या सवलतींपर्यंत थांबावे का?

उत्तर : तुमच्या मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि ते अर्धे आधी निकालात काढलेले बरे. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारख्या ओटीटी सेवा पाहण्यासाठी टीव्हीला संगणक जोडू नये. या सेवा आपले चित्र कुलूपबंद करून पाठवतात आणि ते कुलूप उघडण्याची सोय यंत्राच्या चिपमध्ये सुरक्षित कप्प्यात असेल, तरच ४के दर्जा देतात. टीव्हीतल्या अ‍ॅपला आणि नावाजलेल्या कंपनीच्या स्टिकला ही मान्यता असते. संगणकाचे तसे नाही : विंडोजवर एज ब्राउझरमधून नेटफ्लिक्सचे ४के चित्र मिळवता येते, पण त्यासाठी प्रोसेसर, केबल, टीव्ही आणि एक जादा एक्स्टेन्शन या सगळ्यांच्या अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात, आणि लिनक्सच्या ब्राउझरमध्ये तर ते मिळतच नाही. म्हणून ओटीटी टीव्हीच्याच अ‍ॅपवर राहू द्या. काही वर्षांनी टीव्ही मंदावला, तर त्या वेळी स्टिक लावा.

उरला तुमचा स्वतःचा संग्रह. घरातल्या लग्नामुंजी कोणत्याही ओटीटीवर येणार नाहीत, आणि व्हीसीडीच्या काळात निघालेली किती तरी नाट्यचित्रणे पुन्हा कुठे पाहायला मिळतील याची खात्री धरता येत नाही. या संग्रहासाठी संगणक घेणे मला पूर्णपणे योग्य वाटते. मात्र तो संग्रहाच्या मापाने घ्यावा आणि पैशांपेक्षा जास्त वेळ सीडींच्या प्रती करण्यात घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या घरात जे अमूल्य आहे, ते माळ्यावर आहे. दुकानातले यंत्र कधीही आणता येईल.

आता ते कोटेशन पाहू. आय५-१२४००एफ या नावातले शेवटचे अक्षर महत्त्वाचे आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असला, तर त्यात चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भाग वापरता येत नाही आणि वेगळे कार्ड घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कार्ड आले की मोठा एसएमपीएस आला, मोठे कॅबिनेट आले, पंखे आले. हाच प्रोसेसर ‘एफ’शिवाय घेतला, तर त्यातले अंगभूत ग्राफिक्स तुमच्या संग्रहातली प्रत्येक फाइल कार्डाच्या मदतीविना सहज दाखवते. खेळांसाठी संगणक हवा असता, तर दुकानदाराची जुळणी वावगी नव्हती; नाटक पाहण्यासाठी मात्र ती खर्चिक तर आहेच, शिवाय तिचा आवाजही होतो. रंगमंचावर दोन संवादांमध्ये शांतता असते तेव्हा पंख्यांची घरघर आठ-दहा फुटांवरूनही ऐकू येते, आणि ज्यांना आधीच थोडे कमी ऐकू येते त्यांना ती अधिक त्रास देते.

तुमचा जुना डेस्कटॉप मुंजीच्या व्हिडिओवर का अडखळतो, हे समजून घेतले की नव्या यंत्रात काय पाहायचे ते आपोआप कळते. आजचे अनेक मोबाइल ४के चित्रण एचईव्हीसी या पद्धतीने दाबून साठवतात. ही पद्धत २०१३ साली प्रमाण म्हणून मान्य झाली आणि तुमच्या प्रोसेसरची पिढीही त्याच वर्षी बाजारात आली, त्यामुळे ती उलगडण्याचे पुरे यंत्र त्या प्रोसेसरच्या पोटात नाही. मग सगळी आकडेमोड प्रोसेसरच्या साध्या गाभ्यांवर (कोअरवर) पडते, ते शंभर टक्के राबतात आणि तरीही मागे पडतात. इंटेलच्या सहाव्या पिढीत साध्या म्हणजे ८ बिटच्या एचईव्हीसीची सोय आली, सातव्या पिढीत रंगांच्या अधिक छटा साठवणाऱ्या १० बिटची आली, आणि यूट्यूबसह अनेक ठिकाणी वापरली जाणारी एव्ही१ पद्धत अकराव्या पिढीपासून उलगडता येऊ लागली. चित्र उलगडणारा हा विभाग चिपमध्ये असला, तर लहानसा प्रोसेसरही ४के चित्रण आरामात दाखवतो. नसला, तर मोठ्या प्रोसेसरचीही दमछाक होते.

म्हणून माझी शिफारस तयार मिनी पीसीची आहे, आणि त्यात इंटेलचा एन१०० किंवा त्याच्या जातीचा प्रोसेसर असावा. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या या चार गाभ्यांच्या चिपची अधिकृत वीजमर्यादा फक्त ६ वॅट आहे आणि तरीही एचईव्हीसीचे दोन्ही प्रकार व एव्ही१ ती स्वतःच्या यंत्रणेवर उलगडते. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीचा एसएसडी पुरे. घेताना एका गोष्टीची लेखी खात्री करून घ्या : एचडीएमआयमधून ४के चित्र सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्झवर मिळते ना? ‘४के सपोर्ट’ एवढ्याच शब्दांवर विकल्या जाणाऱ्या काही जुन्या सेलेरॉन मिनी पीसींमध्ये एचडीएमआय १.४ असते आणि ते ४के चित्र ३० हर्ट्झच्या पुढे देत नाही. तुमच्या जुन्या डेस्कटॉपचीही तीच मर्यादा आहे. तो डेस्कटॉप मोडीत मात्र काढू नका, त्याच्याकडे पुढे मोठे काम आहे.

सुटे भाग आणून स्वतः संगणक जोडावा का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मनात असेल तर थोडक्यात सांगतो : ज्याला जोडणीचाच आनंद आहे त्याने जरूर जोडावा, मात्र टीव्हीखाली शोभेल असे लहान कॅबिनेट आणि त्यात बसणारा लहान मदरबोर्ड मिळवायला शोधाशोध करावी लागते आणि एवढे करूनही तयार मिनी पीसीपेक्षा स्वस्त पडत नाही.

भाच्याची सूचना मी बाजूला सारणार नाही. रास्पबेरी पाय ५ एचईव्हीसीचे ४के चित्रण नीट दाखवतो, आणि त्याचा एक गुण मिनी पीसीत सहसा आढळत नाही : तो एचडीएमआयच्या तारेतूनच टीव्हीच्या रिमोटच्या आज्ञा ऐकतो. आई-बाबांच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे. अडचण एवढीच, की या पाचव्या आवृत्तीत एच.२६४ या जुन्या आणि सर्वाधिक प्रचलित पद्धतीसाठी वेगळी यंत्रणा ठेवलेली नाही. डीव्हीडी आणि साध्या एचडी फाइली तो गाभ्यांच्या बळावर ओढून नेतो, पण पुष्कळ अँड्रॉइड मोबाइल आपले ४के चित्रण एच.२६४ मध्येच करतात, आणि तिथे पाय ५ ला तुमच्या डेस्कटॉपसारखीच धाप लागेल. कुटुंबातले सगळे व्हिडिओ एचईव्हीसीमध्येच असते, तर मी भाच्याच्या बाजूने कौल दिला असता. वेगवेगळ्या नातेवाइकांच्या वेगवेगळ्या मोबाइलांवरून आलेला संग्रह असताना मिनी पीसीच बरा.

यंत्र आले की त्यातली विंडोज काढून लिब्रेइलेक ही लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली टाका, असे मी सुचवेन. पेन ड्राइव्हवरून ती अर्ध्या तासात बसते. मात्र बसताना डिस्कवरचे सगळे पुसून टाकते, हे लक्षात ठेवून ते काम यंत्र नवे असतानाच करावे. संगणकाचे बटण दाबले की ती थेट कोडी या व्हिडिओ लावणाऱ्या मोफत प्रोग्रामच्या पडद्यावर येऊन थांबते. मध्ये पासवर्ड नाही, अपडेटची सूचना नाही, अँटिव्हायरसची जाहिरात नाही. वयस्कर माणसांच्या हाती यंत्र द्यायचे, तर अनपेक्षित असे काही पडद्यावर न येणे ही पहिली गरज असते.

रिमोटसाठी एक सुचवतो. फ्लिर्क नावाचा बोटाएवढा यूएसबी रिसीव्हर मिळतो. त्याला कोणत्याही इन्फ्रारेड रिमोटची बटणे शिकवता येतात. तुमचा डीव्हीडी प्लेअर बंद पडला असला, तरी त्याचा रिमोट घरात असेलच. वर्षानुवर्षे आई-बाबांच्या हाताला त्याच्या बटणांची सवय आहे. त्याच रिमोटची वर, खाली, ओके, मागे आणि थांबा ही पाच-सहा बटणे फ्लिर्कला शिकवा. तो मिळाला नाही, तर यूएसबी डोंगलसह येणारा साधा वायरलेस रिमोटही चालेल. मिनी पीसी टीव्हीच्या पाठीवर बसवणार असाल, तर रिसीव्हर यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरने टीव्हीच्या पुढच्या कडेशी आणा, नाहीतर बटणे दाबूनही आज्ञा पोहोचत नाही आणि दोष रिमोटच्या सेलला दिला जातो.

कोडीत चित्रपटांची पोस्टर इंटरनेटवरून आपोआप येतात, नाटकांची बहुधा येत नाहीत. त्यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक नाटकाला एक फोल्डर करा, सीडीच्या मूळ वेष्टनाचा मोबाइलवर सरळ, स्वच्छ फोटो काढा आणि रोमन लिपीत ‘फोल्डर डॉट जेपीजी’ असे नाव देऊन तो त्या फोल्डरमध्ये ठेवा. पडद्यावर त्याच वेष्टनांची रांग दिसू लागेल. ज्यांनी ती वेष्टने वीस वर्षे हाताळली आहेत, त्यांना अक्षरे वाचावी लागणार नाहीत. नुसत्या रंगावरूनही नाटक ओळखू येईल.

चित्राविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे पैसे न लागता मोठा फरक पडतो. आपल्याकडे टीव्हीची जुनी पद्धत पाल होती, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे. तुमच्या व्हीसीडी, इथे विकल्या गेलेल्या डीव्हीडी आणि लग्नाच्या कॅसेट बहुतांश याच हिशेबाच्या आहेत. संगणक मात्र टीव्हीला सहसा ६० हर्ट्झवर चित्र देतो. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक चित्र दोन वेळा, पुढचे तीन वेळा, त्यापुढचे पुन्हा दोन वेळा असे दाखवावे लागते, आणि कॅमेरा रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे फिरला की चित्र बारीक हिसके देते. कोडीच्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट फाइलनुसार बदलण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मग नाटक लागले की टीव्ही ५० हर्ट्झवर जाईल, २४ चित्रांचा चित्रपट लागला की २४ वर जाईल. बदलताना पडदा क्षणभर काळा होतो. तो दोष नाही, हे आई-बाबांना आधी सांगून ठेवा.

कॅसेटवरचे आणि पुष्कळ डीव्हीडींवरचे चित्र आणखी एका प्रकारे वेगळे असते : त्यातले प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेले असते. हालचालीच्या वेळी कडांना फणीच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर हे दोन भाग नीट जुळवणारे डीइंटरलेसिंग बंद आहे असे समजावे आणि ते स्वयंचलितवर ठेवावे. चौकोनी चित्र टीव्हीभर ताणू नका. डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या, तर राहू द्या; ताणलेल्या चित्रात प्रत्येक नट तिपटीने नाही, पण तिसऱ्या हिश्शाने जाड दिसतो. टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगमधले हालचाल गुळगुळीत करणारे तंत्रही त्या इनपुटपुरते बंद ठेवावे.

एवढे करूनही व्हीसीडी ४के टीव्हीवर झगझगीत दिसणार नाही. तिचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते आणि तुमच्या टीव्हीवर ३८४० बाय २१६० ठिपके आहेत; म्हणजे बाजूच्या काळ्या पट्ट्या वगळल्या, तरी व्हीसीडीच्या एका ठिपक्याने टीव्हीवरचे सुमारे ६१ ठिपके भरायचे. जे टिपलेच गेले नाही, ते कोणतेही ग्राफिक्स कार्ड खरेपणाने परत आणू शकत नाही. सोफा थोडा मागे घेतला तर चित्र अधिक बरे दिसते, हा साधा उपाय मी अगदी मनापासून सांगतो आहे.

आवाजाचे तसे नाही. तिथे खर्च केला तर गुण येतो. व्हीसीडीवरचा आवाज दोन वाहिन्यांचा असतो आणि नाटकात संवाद हेच सर्वस्व असते. आजच्या चपट्या टीव्हींचे स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे शब्द भिंतीवर आपटून येतात. एचडीएमआय एआरसीने, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय जोडणीने, जोडता येईल असा साधा, समोर तोंड असलेला साउंडबार किंवा स्पीकरची एक चांगली जोडी घ्या. पाच-सहा स्पीकरांचा संच या संग्रहासाठी नको. दुकानात ऐकताना गाण्याऐवजी बोलणे ऐका, आणि शक्य असेल तर आई-बाबांना बरोबर न्या.

आता मोठे काम. जुन्या डेस्कटॉपला सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह आहे, मिनी पीसीला नसतो. तेव्हा प्रती करण्याचे काम त्या डेस्कटॉपचे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, म्हणून त्याच्यावर बँकेचे किंवा मेलचे काम करू नका. इंटरनेट काढून ठेवून केवळ प्रती करायला तो उत्तम आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. विकत आणलेल्या सीडी कारखान्यात ठसा उमटवून केलेल्या असतात, पण लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेल्या सीडी-डीव्हीडी संगणकावर लिहिलेल्या असतात आणि त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर वर्षांगणिक क्षीण होतो. त्या सर्वांत आधी घ्या. सीडीत माहितीचा थर लेबलाच्या बाजूला, वरच्या पातळ लाखेखालीच असतो. त्यामुळे चकचकीत बाजूवरच्या ओरखड्यापेक्षा लेबलाच्या बाजूचा ओरखडा घातक ठरतो. अशा सीडीवर चिकटवलेला कागद सुटत आला असेल, तर तो ओढून काढू नका, त्याच्याबरोबर चंदेरी पापुद्राच निघून येतो. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती त्या बाबतीत अधिक सुरक्षित असते.

व्हीसीडी ड्राइव्हमध्ये घातली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचे फोल्डर दिसेल. त्यातल्या डॅट फाइली तशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कोडी आणि व्हीएलसी हा संगणकावरचा मोफत प्लेअर त्या चालवतात. काही सीडी मध्येच अडतील. त्याचे कारण असे, की व्हीसीडीत जास्त चित्रण मावावे म्हणून चुका दुरुस्त करणाऱ्या माहितीचा एक थर मुळातच वगळलेला असतो, आणि साध्या डेटा सीडीवर जो ओरखडा निभावून जातो, तो इथे निभावत नाही. अशी सीडी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगावर पुन्हा घालून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा वाचतो, असे पुष्कळदा होते. डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही हा प्रोग्राम चित्राचा दर्जा न घटवता एकच फाइल करून देतो, आणि खराब डीव्हीडींसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग वाचून घेतो व नंतर वाईट भागाकडे पुन्हा पुन्हा वळतो.

पुरात गाळ लागलेल्या सीडी टाकून दिल्या नसतील, तर त्यांचाही विचार व्हावा. कोमट स्वच्छ पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून त्या धुवा, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून पुसू नका, आणि सावलीत वाळवा. मग उजेडासमोर धरून पाहा. चंदेरी थराला भोके पडलेली दिसली, तर तो भाग गेला. थर अखंड असेल, तर प्रत निघण्याची चांगली शक्यता आहे.

विकत घेतलेल्या नाटकांच्या या प्रती घरापुरत्याच ठेवाव्यात. आपल्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी वापराच्या रास्त व्यवहाराला जागा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५अ कलम मात्र हक्कभंगाच्या हेतूने डिस्कचे कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते. नातेवाइकांच्या ग्रुपवर नाटक टाकण्याचा मोह म्हणूनच टाळावा. त्या नाटकांमागे ज्यांचे कष्ट आहेत, त्यांच्याविषयीचा आदरही त्यात आहे.

व्हीएचएस कॅसेट घरी हाताळू नका, असा माझा आग्रह आहे. कोकणातल्या दमट हवेत फितीवर बुरशी येते; कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये, कारण बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. चालू स्थितीतला व्हीसीआर मिळणेही अवघड झाले आहे. शेवटची ज्ञात उत्पादक जपानी कंपनी २०१६ साली थांबली. हे काम जाणत्या स्टुडिओकडे द्या आणि देताना नेमके सांगा : फाइल ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, मूळ ओळींची रचना न मोडलेली हवी, मोबाइलवर पाठवण्याजोगी छोटी फाइल वेगळी द्यावी, आणि मूळ कॅसेट परत हवी. डीव्ही या कमी दाबलेल्या डिजिटल पद्धतीने घेतले, तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात.

यावरून डिस्कचा हिशेब करू. नव्वद नाटके-चित्रपट, प्रत्येकाच्या तीन सीडी आणि दर सीडीला ८०० एमबी धरले, तरी सव्वादोनशे जीबीच्या आत बसतात. साठ डीव्हीडी सगळ्या दुहेरी थराच्या, म्हणजे ८.५ जीबीच्या धरल्या, तर ५१० जीबी होतात. दहा कॅसेट तीन-तीन तासांच्या धरल्या, तर ३९० जीबी. मोबाइलचे व्हिडिओ सोडून एकूण १.१ टीबीच्या आसपास, आणि हा वरचा अंदाज आहे. ८ टीबीची एकच डिस्क घेण्याऐवजी २ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क घ्या. दोन्हींवर सारखाच मजकूर ठेवा, दोन्ही एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करा, म्हणजे विंडोजवरही उघडतील आणि कोडीवरही. एक टीव्हीशी राहील. दुसरी चिपळूणच्या घरात ठेवू नका. पुण्याला, मुंबईला, जिथे कुणी जवळचे असेल तिथे ठेवा आणि वर्षातून एकदा आणून नव्या फाइली भरा. घरातल्या दोन प्रती एकाच पाण्यात जातात, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

मेच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा नुसता मुख्य स्विच बंद करून भागत नाही. सेट टॉप बॉक्सच्या केबलमधून आलेला झटका एचडीएमआयच्या वाटेने टीव्ही आणि संगणक दोघांनाही गाठू शकतो. ढग गडगडू लागले की ती केबलही काढून ठेवावी. घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. लाइट वारंवार जात असेल, तर मिनी पीसी आणि डिस्क लहान यूपीएसवर ठेवा. लिहिणे चालू असताना वीज गेल्याने डिस्क बिघडण्याचा धोका त्याने टळतो.

दर सतत हलत असल्यामुळे रकमा देत नाही, वाटणी सांगतो : चाळीस हजारांपैकी निम्म्याच्या आत मिनी पीसी बसवावा, तिसरा हिस्सा दोन डिस्कसाठी राखावा आणि उरलेल्या पैशात रिमोट व साउंडबार घ्यावा. यूपीएस आणि कॅसेटचे काम पुढच्या टप्प्यावर गेले, तरी हरकत नाही. साउंडबारही नंतर आला तर चालेल, पण दुसऱ्या डिस्कवर काटछाट करू नका.

दिवाळीपर्यंत थांबण्याविषयी : मिनी पीसी आणि साउंडबारसाठी खुशाल थांबा. डिस्क मात्र आत्ताच घ्या आणि लग्नाच्या सीडी या रविवारीच जुन्या डेस्कटॉपवर उतरवायला लागा. रोज दोन-तीन सीडी हातावेगळ्या केल्या, तर यंत्र घरी येईपर्यंत त्यावर लावायला पुष्कळ काही तयार असेल. पुतण्याच्या मुंजीचा व्हिडिओ दरम्यान पाहायचा असेल, तर तो पेन ड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीच्या यूएसबीला लावून पाहा. ४के टीव्हींमध्ये एचईव्हीसी उलगडण्याची सोय सहसा असतेच.